नदीवरचा लाल झेंडा

९ जुलै

प्रिय मावशी,

फोनवर तू नुसतं "काय? काय?" करतेस आणि मग काकांच्या हातात रिसीव्हर देऊन मोकळी होतेस, म्हणून लिहायलाच बसले. इतकी वर्षं नदीत बुड्या मारून कानांची जी वाट लावून घेतली आहेस, तिची शिक्षा माझ्या बोटांना.

आज लॅबमध्ये मी माझा पहिला परजीवी पाहिला. पुस्तकातला नाही, खरा, या शहराच्या पाण्यातला. घाईघाईने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

झालं असं, की परवा इथे धो धो पाऊस पडला. या शहराची जुनी गटारं अशी आहेत, की घराघरातलं मैलापाणी आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकाच मोठ्या नळातून जातं. एरवी सगळं मुकाट्याने शुद्धीकरण केंद्रात पोचतं. पण पाऊस वाढला की नळाच्या पोटात मावत नाही. मग आत बांधलेल्या एका बुटक्या भिंतीवरून जास्तीचं पाणी उसळतं आणि थेट नदीत पडतं. तशी सोयच करून ठेवली आहे, नाहीतर ते लोकांच्या न्हाणीघरांतून वर येईल. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी मला आणि लॅबच्या गाडीच्या ड्रायव्हरना तिथे पाठवलं. गमबूट, दोरी, कॅन. मावशी, काय तो आवाज आणि काय तो वास. ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून गाडीत बसले आणि म्हणाले, "ताई, तुमचं शिक्षण, तुम्हीच घ्या." मी घेतलं.

मग ते पाणी फिल्टरमधून गाळा, गाळ धुऊन काढा, त्यावर चमकणारा रंग चढवा, असं सगळं करत आज दुपारी मी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला. आधी नुसता काळोख. आणि मग एका कोपऱ्यात एक गोल, हिरवागार, कच्च्या सफरचंदासारखा. त्याच्या शेजारी आणखी एक. क्रिप्टोस्पोरिडियम. धुळीच्या कणाहून बारीक जीव, कवचात गुडूप झोपलेला, कोणाच्या तरी पोटात जायची वाट बघत. मी मॅडमना हाक मारली ती इतक्या मोठ्याने, की शेजारच्या खोलीतली माणसं आग लागली समजून बाहेर आली.

मॅडमनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. वाईट आहे, पण छान आहे."

तुझ्या बायकांचं पोहणं काय म्हणतं? आमच्याकडचं पाणी शेवटी तुमच्याकडेच येतं, म्हणून विचारते.

तुझी,
खारुताई


१५ जुलै

खारुताई,

आशीर्वाद घे आणि पुढे वाच. किड्यामुंग्या बघून एवढी आनंदाने नाचणारी मुलगी आपल्या घराण्यात कुठून आली, असं काकांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्याकडूनच, तू नाही का पहाटे थंड पाण्यात उडी मारून आनंदाने ओरडत."

आता माझी बातमी. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही जुन्या पुलापासून नव्या पुलापर्यंत पोहणार. पन्नाशी उलटलेल्या बायका, फक्त बायका. बघणारे काठावर उभे राहतील आणि टाळ्या वाजवतील. पाहुण्या म्हणून गावच्या कोर्टातल्या न्यायाधीशबाई यायला कबूल झाल्या आहेत. बँड येणार आहे. मी सकाळपासून शिट्टी गळ्यात घालून फिरते, काका म्हणतात आंघोळीला जातानाही काढत नाहीस.

शिवाय आमच्या पायऱ्यांवर कपडे बदलायच्या खोल्या झाल्या आणि चार स्वच्छतागृहं. नगरपालिकेत तीन वर्षं मी चपला झिजवल्या त्याचं हे फळ. पांढऱ्या फरशा, आत आरसे, दिव्यांची बटणं चालतात. उद्घाटनाला फीत मी कापली. आता कोणाला झाडाआड चादर धरून उभं राहावं लागत नाही.

आमच्यात पोहणाऱ्या शाळेतल्या टीचरना मध्यंतरी पोटाचा त्रास झाला. कासव आणि नर्सबाईही आजारी होत्या. कासव म्हणजे ती आमची उंच बाई, जी सगळ्यांत हळू पोहते आणि कधीच थांबत नाही. तिघी एका लग्नाला गेल्या होत्या, तिथलं जेवण बाधलं. आता बऱ्या आहेत.

टेलरबाईंना पाण्यात उतरायची अजून परवानगी नाही. गेल्या वर्षी बहिणीने किडनी दिली तेव्हापासून गोळ्यांवर आहेत. तरी रोज येतात, शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडतात, तोंडावर पाणी मारतात आणि आम्हांला ओरडतात, "पाय सरळ, गुडघे नको वाकवू." माझ्याहून चांगल्या शिकवतात. पण हे त्यांना सांगू नकोस.

तुझी मावशी


१९ जुलै

प्रिय मावशी,

पत्र मिळालं आणि मी चहा तसाच टाकून उठले.

आधी प्रश्नांची उत्तरं दे. तिघींचा त्रास पाण्यासारखा पातळ होता का? दोन दिवसांत थांबला, की आठवडाभर चालला? बरं वाटून पुन्हा उलटला का? आणि आजारी पडायच्या साधारण आठवडाभर आधी तुमच्याकडे जोराचा पाऊस पडला होता का, आणि त्यानंतर त्या पोहल्या होत्या का?

लग्नाचं जेवण बाधलं तर दुसऱ्या दिवशी कळतं, मावशी. हा माझा हिरवा गोळा पोटात गेला की मुक्काम करतो, संसार वाढवतो आणि बऱ्याचदा आठवड्याभराने दार ठोठावतो. तोवर माणूस पाणी विसरलेलं असतं आणि शेवटचं जेवण आठवत बसतं. म्हणून तर हा सापडत नाही. पिण्याच्या पाण्यात जे क्लोरीन टाकतो, त्याला हा भीक घालत नाही. एवढासा दिसतो, पण कवच चिलखतासारखं.

धडधाकट माणूस दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. टीचर, कासव, नर्सबाई, तू, सगळ्या तरून जाल. पण टेलरबाईंच्या त्या गोळ्या शरीराची लढायची ताकद मुद्दाम कमी करतात, दिलेली किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून. त्यांच्या पोटात हा गेला तर सहजासहजी निघणार नाही. त्यांना पायरीवर बसू देऊ नकोस. तोंडावर पाणी तर अजिबात नको. आणि पाऊस पडला की निदान चार दिवस कोणीच उतरू नका.

मला माहीत आहे तुला राग येणार. येऊ दे. उत्तर मात्र लगेच पाठव.

खारुताई


२४ जुलै

खारुताई,

राग आलाच.

मी या नदीत पोहायला लागले तेव्हा तुझी आई परकरात होती. मी नदीचं पाणी प्यायले आहे, नाकातोंडात घेतलं आहे, आणि साठीला आले तरी दम लागत नाही. तू मायक्रोस्कोपमधून एक हिरवा ठिपका पाहिलास आणि मला सांगतेस नदीत उतरू नको.

आणि ठिपका सापडला कुठे? तुमच्या शहरात. तुमची गटारं, तुमची भिंत, तुमची घाण. मग तुमच्या मॅडमना सांग की भिंत उंच करा. आम्ही का घरी बसायचं? स्पर्धेला दोन महिने राहिलेत. बायका आता कुठे एका दमात अर्धं अंतर कापायला लागल्या आहेत. कासवाने काल पहिल्यांदा मधला खांब गाठला आणि खांबाला मिठी मारून रडली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, कारण विचारलंस. हो, पातळ. हो, टीचरना आठवडाभर होतं, मध्ये थांबून पुन्हा झालं. पाऊस पडला होता. पोहलो होतो. यावरून काहीही सिद्ध होत नाही.

टेलरबाई चार दिवस आल्या नाहीत. शिवणाचं काम जास्त असेल. निरोप आला की जरा पोट बिघडलं आहे.

मावशी


२८ जुलै

मावशी,

तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि सरळ काकांना फोन केला. ते तुला सांगतील, पण लिहूनही ठेवते म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल. टेलरबाईंच्या शौचाची नेहमीची तपासणी पुरणार नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी मुद्दाम, वेगळा रंग लावून तपासा असं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर कोणी शोधत नाही. आणि त्या कुठल्या गोळ्या घेतात ते सांगायला विसरू नका.

आज संध्याकाळी मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, "नदी काही आपल्या हद्दीपाशी संपत नाही." शनिवारी मी गाडी आणि कॅन घेऊन येते आहे. तू माझ्याशी बोलणार नसलीस तरी चालेल, फक्त पायऱ्यांवर ये.

खारुताई


६ ऑगस्ट

खारुताई,

तू गेलीस आणि घर सुनं झालं. तुझे गमबूट इथेच राहिले, काकांनी ते धुऊन दाराबाहेर ठेवले आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कोणाचे आहेत हे सांगतात.

आधी महत्त्वाचं. सापडला. तू लिहिलेला कागद नर्सबाईंनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर तरुण आहेत. वाचलं, टेलरबाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि स्वतः उठून तपासणीच्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी आम्हांला म्हणाले, "मी दुसऱ्याच दिशेने चाललो होतो." आता त्यांनी किडनीसाठीच्या त्या गोळ्यांचं प्रमाण मोठ्या शहरातल्या किडनीच्या डॉक्टरांना विचारून कमी केलं आहे, सलाइन चालू आहे, औषध चालू आहे. किडनीवर ताण आलाच. दोन दिवस फार वाईट गेले. टेलरबाई अंथरुणात दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांची बहीण खुर्चीतून हलत नव्हती. मला म्हणाली, "मी एक दिली, आता दुसरी मागितली तर तीही देईन, पण मग मी काय करू?" आणि आम्ही दोघी हसलो, काय करणार. काल संध्याकाळी टेलरबाईंनी डोळे उघडले आणि बहिणीला म्हणाल्या, "तुझ्या ब्लाउजची बाही चुकीची लावली आहे कोणीतरी." तेव्हा मला कळलं की ही बाई उठणार.

मी पाण्यात उतरलेले नाही. कोणीच नाही. हे मी एका ओळीत लिहिते आहे, तू जास्त विचारू नकोस.

आता सॅम्पलचं. तू ठेवून गेलेल्या कॅनमध्ये, तू शिकवलंस तसं केलं. काल सकाळी पाऊस थांबल्या थांबल्या आम्ही सगळ्या निघालो. तीन जागा: पुलाच्या वर, आपल्या पायऱ्यांशी आणि पायऱ्यांच्या बाजूला जिथे पावसाच्या गटाराचं तोंड नदीत उघडतं तिथे. कासवाचा हात सगळ्यांत लांब, म्हणून कॅन तिने धरला. टीचरनी प्रत्येक कॅनवर इतक्या सुवाच्य अक्षरात जागा आणि वेळ लिहिली की फळ्यावर लिहिल्यासारखं वाटत होतं. मी दोरी धरली होती. नर्सबाई हातमोजे वाटत होत्या. पोहण्याइतकीच मजा आली, खरं सांगते. कॅन बर्फात घालून दुपारच्या बसने पाठवले आहेत. आज कोरडं होतं, तर पुन्हा भरून पाठवले, कोरड्या दिवसाचे.

तुमच्या शहराची घाण पकडली की मला लगेच कळव. मी तुमच्या महापौरांना पत्र लिहिणार आहे. दोन मसुदे तयार आहेत.

तुझी मावशी


१४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

महापौरांचं पत्र थांबव. निदान एक मसुदा बदल.

मॅडम आणि मी आठवडाभर त्या अंधाऱ्या खोलीतच राहतो आहोत असं म्हण. एक स्लाइड पाहायची, दुसरी पाहायची, पुन्हा पहिली. आम्हांला वाटलं होतं पुलाच्या वरच्या कॅनमध्ये भरपूर असतील, आमच्या शहरातून वाहत आलेले. आहेत. पण विरळ. इतक्या लांब येईपर्यंत नदी त्यांना पांगवते. पायऱ्यांशी त्याहून पुष्कळ जास्त. आणि गटाराच्या तोंडाशी, मावशी, स्लाइडवर रात्रीच्या आभाळासारखं दिसत होतं. शिवाय जिआर्डियाही, तो जरा मोठा, लांबट, तोही पोटात घर करणारा.

तुमच्या गावात पावसाचं गटार वेगळं आहे. त्यात रस्त्यावरचं, छपरांवरचं पाणी यायला हवं, बाकी काही नाही. मग हे कुठून आले? गाईवासरांचे असतील, असं मॅडम म्हणाल्या, गोठ्यातून वाहून आलेले. म्हणून आम्ही जात तपासून घेतली. वासरांची जात वेगळी असते, माणसांची वेगळी. उत्तर काल आलं. माणसांची.

आता सगळ्यांत महत्त्वाचं ऐक. कोरड्या दिवशी त्या गटारात पाणी असायलाच नको, आणि तुम्ही भरलेल्या कोरड्या दिवसाच्या कॅनमध्येही ते आहेत. म्हणजे रोज, पाऊस असो नसो, कोणाच्या तरी संडासाचं पाणी थोडं थोडं त्या गटारात येतं आणि साचून राहतं. पाऊस आला की एका झटक्यात सगळं धुऊन तुमच्या पायऱ्यांवर.

कोणाचा तरी नळ चुकीच्या गटाराला जोडला आहे. शोधायची रीत सोपी आहे. सोबत हिरव्या रंगाची पूड पाठवते, निरुपद्रवी आहे. नगरपालिकेच्या इंजिनिअरना बरोबर घ्या. गटाराच्या वरच्या अंगाला जेवढ्या इमारती आहेत, तेवढ्यांत एकेक करून संडासात रंग ओता, भरपूर पाणी सोडा, आणि एकीला गटाराच्या तोंडाशी उभी करा. जिथला रंग बाहेर येईल ते घर.

मला तिथे यायचं होतं. मॅडमनी रजा दिली नाही, इथे पुन्हा पाऊस आहे आणि भिंतीवरून पाणी उसळतं आहे. मी इथून पाय आपटते आहे.

टेलरबाई कशा आहेत?

खारुताई


२३ ऑगस्ट

खारुताई,

टेलरबाई घरी आल्या. भिंत धरून चालतात. किडनी तगली आहे. आता बस आणि ऐक.

इंजिनिअर आधी तयार नव्हते. म्हणाले, "बाई, नकाशात सगळं बरोबर आहे." टीचर म्हणाल्या, "मग रंग टाकून नकाशाचीच परीक्षा घेऊ." त्यांच्या शाळेत शिकलेलेच निघाले इंजिनिअर, गप्प चालायला लागले.

पहिला संशय हॉटेलवर. मालक हात जोडून म्हणाला, "गिऱ्हाईक पळवाल." रंग टाकला. कासव गटाराच्या तोंडाशी, मी मध्ये रस्त्यावर, ती हात हलवणार आणि मी शिट्टी वाजवणार. काही नाही. मग दवाखाना. काही नाही. मग ओळीने घरं. एका घरी आजोबा म्हणाले, "आमच्या संडासात हिरवा रंग? होळीला अजून वेळ आहे." दुसऱ्या घरी आम्हांला आत बसवून पाणी दिलं. चार दिवस सगळं गाव दारात उभं राहून बघत होतं. पैजा लागल्या. मला आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती, आणि इतका रागही, कारण कुठेच काही सापडेना.

शेवटी इंजिनिअर म्हणाले, "सगळं झालं. आता फक्त तुमच्या पायऱ्यांवरच्या खोल्या राहिल्या."

मी म्हटलं, "त्या नव्या आहेत. तिथे वेळ घालवू नका."

टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातून पूड घेतली, आत गेल्या, आणि मला पाण्याचा आवाज ऐकू आला. म्हणजे ऐकू आला असं वाटलं, माझे कान तुला माहीतच आहेत. मी कासवाकडे बघत होते. ती वाकली. आणखी वाकली. मग तिने हात वर केला नाही, ती नुसती माझ्याकडे वळून उभी राहिली. मी शिट्टी वाजवली नाही. चालत गेले. गटाराच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं, तुझ्या कच्च्या सफरचंदासारखं, आणि सरळ शेवटच्या पायरीला लागून वाहत होतं. जिथे टेलरबाई पाय सोडून बसतात.

ठेकेदाराने मैल्याच्या नळापर्यंत खणायचा कंटाळा केला आणि जवळ होतं त्या गटाराला जोडून दिलं. इंजिनिअरनी तिथेच फोन लावला आणि ठेकेदाराला जे सुनावलं ते मला चक्क ऐकू आलं. खोल्यांना कुलूप माझ्या हाताने लावलं.

मग टेलरबाईंकडे गेले. त्या मशीनशी बसल्या होत्या, पाय पॅडलवर पण चालवत नव्हत्या. मी सगळं सांगितलं. मी मागून मागून ज्या खोल्या आणल्या, तिथूनच हे आलं, आम्हीच आजारी पडायचो आणि आम्हीच ते पुन्हा पाण्यात सोडायचो. त्यांनी पॅडलवरचे पाय खाली घेतले. मग म्हणाल्या, "मी त्या खोलीतला आरसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा रडले होते. असा आरसा कोणी आपल्यासाठी लावेल असं वाटलं नव्हतं." एवढंच. मला त्यांनी रागवायला हवं होतं.

स्पर्धा घ्यायची की नाही, कळत नाही. तूच सांग.

मावशी


२ सप्टेंबर

माझ्या मावशी,

तुझं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. आरशाशी पोचले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

ऐक. तू खोल्या मागितल्यास, नळ तू जोडला नाहीस. आणि खोल्यांत तो जीव आपोआप उगवला नाही, तो आधी कोणाच्या तरी पोटातून आला. बहुतेक आमच्याच भिंतीवरून उसळलेल्या पाण्यातून, तुमच्यापैकी एकीच्या तोंडात. मग तिच्याकडून खोलीत, खोलीतून गटारात, गटारातून बाकीच्यांत. म्हणजे तुझे महापौरांचे दोन्ही मसुदे अगदीच वाया गेले नाहीत. एक पाठव. मी सही करणार नाही, पण टपालात मी टाकेन.

आता आनंदाची गोष्ट. मॅडमनी तुमच्या गावाची स्लाइड वरच्या साहेबांसमोर ठेवली. ते म्हणाले, "भिंत काढायला वर्षं लागतील." मॅडम म्हणाल्या, "फोन करायला किती लागतील?" ठरलं. भिंतीवर एक साधं यंत्र बसवलं आहे. पाणी उसळलं की आमच्या लॅबमध्ये घंटा वाजते. वाजली की मी तुमच्या गावी कळवणार, आणि पुढचे चार दिवस कोणी उतरायचं नाही. तुमच्याकडे आभाळ निळं असलं तरी.

फोन मात्र तुझ्याकडे नाही करणार. ऐकू येणारं माणूस सुचव.

नळ नीट जोडून झाला की कॅन भरून पाठव. दोन पावसांनंतरचे. ते स्वच्छ निघाले तर पोहा. मी म्हणते आहे, पोहा.

खारुताई


२९ सप्टेंबर

खारुताई,

नळ बदलला, कॅन स्वच्छ निघाले, तू शाबासकीची तार केल्यासारखं पत्र पाठवलंस, आणि काल आमची स्पर्धा होती. तुला अर्धी गोष्ट माहीत आहे, कारण फोन तूच केलास. उरलेली मी सांगते.

ऐकू येणारं माणूस म्हणून टेलरबाईंना नेमलं हे तुला कळवलं होतं. त्यांनी कोणाला न सांगता एक झेंडा शिवला. लाल, जाड कापडाचा, कडेला दुहेरी शिलाई. पायऱ्यांवर त्यासाठी खांब रोवून घेतला. झेंडा वर असला की पाण्यात पाय नाही, असा नियम, त्यांनीच केलेला.

काल सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. बँड आला. न्यायाधीशबाई खुर्चीत बसल्या. दोन्ही काठांवर गर्दी, पुलावर मुलं. सगळ्या बायका टोप्या घालून ओळीत उभ्या. कासवाचे दात वाजत होते, थंडीने नव्हे. मी शिट्टी तोंडात धरली, आणि समोर पाहिलं तर टेलरबाई खांबाशी उभ्या राहून दोरी ओढत होत्या. झेंडा वर चालला होता.

मी धावत गेले. म्हटलं, "हे काय?"

"फोन आला. पहाटे तिकडे पाऊस झाला. पाणी उसळलं."

"इथे एक थेंब नाही."

"इथला प्रश्नच नाही."

"टेलरबाई, सगळं गाव आलंय. न्यायाधीशबाई बसल्यात. ते पाणी इथवर यायला वेळ लागेल, आम्ही तोवर पोहून बाहेर येऊ. आजचा दिवस खाली घ्या."

त्यांनी दोरीला गाठ मारली. अजून अशक्त आहेत, गाठ मारतानाही दम लागतो. म्हणाल्या, "किती वेळ लागेल ते तुम्हांला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"मग मी खाली घेणार नाही. तुम्ही घ्या. तुम्ही मोठ्या आहात, दोरी ही इथे आहे."

आणि बाजूला झाल्या. मी दोरीला हात लावला, खोटं कशाला बोलू. बँड वाजत होता. कोणाला काही कळलं नव्हतं, अजून सहज झालं असतं. मी गाठीकडे बघितलं. मग मागे फिरले, बँडला थांबायची खूण केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आज कोणी पोहणार नाही, आणि का ते. सगळं सांगितलं. खोल्या, नळ, हिरवं पाणी, टेलरबाईंचे ते दोन दिवस, तुमची भिंत. गर्दीतून कोणीतरी शीळ घातली. कोणीतरी म्हणालं, बायकांचा कार्यक्रम असाच असतो. तेव्हा न्यायाधीशबाई खुर्चीतून उठल्या, टेलरबाईंपाशी गेल्या आणि विचारलं, "पुढची तारीख कोणती?"

टेलरबाई म्हणाल्या, "झेंडा सांगेल."

तुझी मावशी


१० ऑक्टोबर

खारुताई,

आज झालं. बँड नव्हता, त्यांचं दुसरीकडे ठरलं होतं. न्यायाधीशबाई मात्र आल्या, साध्या कपड्यांत, खुर्ची न मागता पायरीवर बसल्या. चार दिवस म्हणता म्हणता तुमच्याकडे दोनदा पाऊस झाला, दर वेळी घंटा, दर वेळी झेंडा, आणि बायका रोज सकाळी खांबाकडे बघून घरी परत जायच्या. एकीनेही कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण पाण्यात पाय घातला नाही.

आज सकाळी टेलरबाई आल्या, कानाला फोन लावून तुझ्याशी बोलल्या, फोन पदराखाली ठेवला आणि झेंडा उतरवला. घडी घातली, नीट, कपाटात ठेवायच्या साडीसारखी. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "उतरा."

पाणी गार होतं. पहिल्या फटक्यालाच छाती भरून आली. मध्यापर्यंत मी पुढे होते, मग टीचर पुढे गेल्या, मग मला काही दिसेनासं झालं, नुसतं पाणी आणि ऊन. नव्या पुलाखालची सावली अंगावर आली तेव्हा कळलं की पोचले. सगळ्या पोचलो. कासव सर्वांत शेवटी, आम्ही सगळ्या काठावर अंग पुसून उभ्या होतो तरी ती येतच होती, तिच्या त्याच चालीने, आणि तिच्या बरोबरीने काठाकाठाने टेलरबाई चालत होत्या. बहिणीचा हात धरून, जुन्या पुलापासून नव्या पुलापर्यंत, सगळी वाट, एकदाही न बसता. "पाय सरळ," त्या ओरडत होत्या. "गुडघे नको वाकवू."

मला इतक्या लांबून स्वच्छ ऐकू आलं.

तुझी मावशी